लाल हापशी

सकाळी सातला दौलत निखाडे पाना आणि वंगणाचा डबा घेऊन लाल हापशीवर पोचला, तेव्हा तिथे एकवीस कॅन रांगेत होते. मोजायची गरज नव्हती. प्रत्येक कॅनवर खडूने आकडा टाकलेला होता आणि कॅनांचे धनी बाजूच्या पळसाखाली बसून एकमेकांवर नजर ठेवून होते.

सव्वीस वर्षांपूर्वी या हापशीला लाल रंग दौलतनेच दिला होता. निळी हापशी म्हणजे पाणी प्या, लाल म्हणजे पिऊ नका, असा जिल्ह्याचा नियम. मधल्या काळात रंग दोनदा उडाला, दोनदा त्यानेच पुन्हा दिला. करंजदोह गावातले लोक या हापशीवर गुरेसुद्धा आणत नसत. ओढ्यापलीकडच्या पोडावरचे, म्हणजे तिथल्या आदिवासी वस्तीवरचे, कोलाम तेवढे हे पाणी पीत, कारण त्यांना जवळ दुसरे नव्हते.

आजच्या रांगेत गावातले लोक होते, शेजारच्या दोन गावांतले होते, आणि एक कुटुंब तर चाळीस किलोमीटरवरून टेम्पो करून आले होते.

"दौलतभाऊ, दांडा लय जड चालते गा," रांगेतला पहिला म्हणाला. "वीस झटके मारले का खांदा दुखते."

"खांदा दुखते म्हणजे हाड कच्चं हाय तुहं," मागून कोणीतरी म्हणाले. "पे अजून दोन गिलास."

सगळे हसले. टेम्पोतून आलेल्या बाईने आपल्या लहान मुलीचे नाक दाबले आणि पेला तिच्या तोंडाला लावला. मुलगी ठसकली. "पे व पटकन," आई म्हणाली, "आतापासून लावलं तर अठराव्या वर्षी नव्वद येते म्हणतात."

दौलतने साखळीला वंगण लावले, दांडा वर-खाली करून पाहिला, आणि निघाला. हापशी चालू ठेवणे एवढेच त्याचे काम होते.

हे सगळे सुरू झाले पावणेदोन वर्षांपूर्वी, एका बुधवारच्या बाजारात. बाजारात पांढरी गाडी येऊन थांबली. तिच्यातून एक यंत्र उतरवले गेले. त्याचे कागदावरचे नाव अस्थिमापी. बाजाराने दुपारपर्यंत त्याचे नाव हाडतराजू करून टाकले. त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, हात जरा कोमट होतो, आणि चाळीस सेकंदांत काचेवर शंभरपैकी एक आकडा येतो.

यंत्र चालवणारी मुलगी होती देवयानी खानझोडे. तिने बाजाराला समजेल असे सांगितले. हाडात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे मिळून बनलेले बारीक स्फटिक असतात. दगडात असतात तसेच, फक्त डोळ्यांना न दिसणारे. दात त्याचे, हाड त्याचे. ज्याच्या हाडात हे स्फटिक दाट, त्याचा आकडा मोठा.

"म्हणजे हाडातलं मीठ," भाजीवाल्या एका म्हाताऱ्याने निकाल दिला. त्या दिवसापासून त्याला हाडमीठ म्हणू लागले.

आकडा कशासाठी, तेही तिने सांगितले. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र वर चढत होता. त्याला अडवायला भिंत बांधली जात होती. खडकाळ काठावर क्रेन उभी राहू शकत नाही, तिथे माणसेच दगड वाहून नेत. पण हाताने नव्हे. खांद्यापासून टाचेपर्यंत एक पोलादी सांगाडा अंगावर चढवायचा. त्यातल्या मोटारी दोनशे किलोचा दगड उचलतात. माणसाला जोर लावावा लागत नाही. मात्र सांगाडा हलका ठेवलेला असल्याने निम्मे वजन माणसाच्या हाडातून जमिनीत उतरते. म्हणून दंडाचा जोर कोणी विचारत नव्हते. हाड सत्तरच्या वर पाहिजे, एवढीच अट. अठरा महिने भिंतीवर काढले की नर्सिंगला किंवा आयटीआयला राखीव जागा.

त्या बुधवारी गावातल्या पहिलवानांनी आधी हात घातले. पंचावन्न. एकोणसाठ. तालमीचा वस्ताद, बासष्ट. लोक हिरमुसले. मग गमतीने कोणीतरी पोडावरच्या जंगू टेकामला पुढे ढकलले.

पोडावरच्या लोकांना गाव लाकडी म्हणत असे. तिथल्या माणसाची चाळिशीत पाठ ताठ होई. मान वळत नसे, कोणी हाक मारली तर सगळे अंग वळवून बघावे लागे. दातांवर तपकिरी पट्टे. लाकडी पोडात पोरगी देणे म्हणजे तिला खांबाला बांधणे, अशी म्हणच होती. जंगू वीस वर्षांचा होता, अजून मान वळत होती, पण दात तसेच होते.

काचेवर आकडा आला एक्क्याण्णव.

देवयानीने यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. पुन्हा एक्क्याण्णव. मग पोडावरचे सगळेच एकेक करून आले. शहाऐंशी, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याण्णव. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पहिला नंबर दिला होता. तेवीस पोरे-पोरी त्या महिन्यात भिंतीवर गेली. त्याच महिन्यात पोडावर सोयरिकीही येऊ लागल्या.

गाव काही खुळे नव्हते. ज्वारी तीच, ऊन तेच, देवही जवळजवळ तेच. फरक एकच, पाणी. पावसाळ्याआधीच लाल हापशीवर गावाची रांग लागली.

आणि मग गावाने आपले डोके लावले. तीस-चाळीस वर्षे प्रत्येक आरोग्यसेविका पाणी उकळून प्या, पाणी उकळून प्या असे सांगत आली होती. ते कधी कोणी ऐकले नव्हते. आता ऐकले. गूळ आटवायच्या कढया बाहेर निघाल्या. दहा लिटरचे एक लिटर होईपर्यंत पाणी आटवायचे, त्यात चहापत्ती टाकून बिनदुधाचा काळा चहा करायचा. काळ्या चहाने आकडा लवकर चढतो हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते, आणि ते खरेच होते. चहाच्या पानातही लाल हापशीच्या पाण्यातला तोच जिन्नस असतो. कढईच्या बुडाला पांढरी खपली धरे. ती चमच्याने खरवडून, घरात ज्याचा आकडा सत्तरच्या जवळ आला असेल त्याला देत. साय राखून ठेवतात तशी.

दौलतच्या घरात मात्र निळ्या हापशीचेच पाणी येत होते. त्याची मुलगी प्रांजली एकोणीस वर्षांची होती. आई नव्हती. नर्सिंगची परीक्षा तिने दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा थोडक्यात राहिली होती. पहिल्या बुधवारी तिचा आकडा आला होता एकसष्ट.

"बाबा, मी पिऊ का थोडं?" तिने तेव्हा विचारले होते.

"माह्या हातानं लाल केलेल्या हापशीचं पाणी माह्या घरात येणार नाही," तो म्हणाला होता. पुन्हा तिने विचारले नाही.

तरीही तो लक्ष ठेवून होता. ती हसली, जांभई दिली, की तो तिच्या दातांकडे बघे. लाल पाणी आधी दातावर दिसते हे त्याने सव्वीस वर्षे पोडावर पाहिलेले होते. प्रांजूचे दात पांढरेशुभ्र होते. रोज बघायचा आणि रोज निश्चिंत व्हायचा.

जंगू अठरा महिने पुरे करून परत आला, तेव्हा दौलत योगायोगाने फाट्यावरच होता. पोडावरून ढोल-ताशे आले होते. जंगूची आजी पोचूबाई हिरवे लुगडे नेसून उभी होती. बस थांबली. जंगू उतरला, अंगाने भरलेला, नवे बूट घातलेला. एक पाय जमिनीवर, एक पायरीवर, आणि तो मागे राहिलेली बॅग घ्यायला वळला.

वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. ढोलाच्या आवाजातही ऐकू आला.

त्याला आधी दुखलेच नाही. तो जमिनीवर बसून आपल्या मांडीकडे बघत होता. मांडी मधेच वळली होती, जिथे माणसाला सांधा नसतो. दौलतने आणि कंडक्टरने मिळून त्याला फळीवर घेतले.

"मी तर काहीच नाही केलं," जंगू सारखा म्हणत होता. "फक्त पलटलो."

पुढच्या आठवड्यात भिंतीवरून परतलेल्या एका बाईचा हात मोडला. धुतलेले लुगडे पिळत होती. मग एकाची बरगडी गेली, शिंकेने. गाव म्हणाले, लाकडी ते लाकडीच. दगड वाहिले अन् शिंकेने मोडले. लोक हसले आणि रांग होती तिथेच राहिली. आपण पोडातले नव्हतो ना, एवढे त्यांना पुरे होते.

दौलतला हसू आले नाही. पुढच्या बुधवारी, म्हणजे एकवीस कॅनांच्या रांगेच्या त्या सकाळी, वंगण लावून झाल्यावर, तो सरळ बाजारात गेला आणि दुपारी गर्दी ओसरेपर्यंत पांढऱ्या गाडीच्या सावलीत बसून राहिला.

"काका, तुमचं वय नाही बसत," देवयानी म्हणाली.

"मले नाही मोजाचं. जंगू टेकामचा आकडा किती होता?"

तिने यंत्रात पाहिले नाही. तिच्या लक्षात होता. "एक्क्याण्णव."

"मग मोडला कसा?"

ती यंत्राची काच पुसत राहिली. दौलतच पुढे बोलला.

"मी चाळीस वर्षं पाइप जोडतो, बाई. आमच्याकडे दोन जातीचे असतात. बिडाचा, ओतीव लोखंडाचा पाइप पाहाले जाड, वजनाले भारी. त्याच्यावर सरळ कितीबी बोजा टाका, ऐकत नाही. पण पिळा पडला, का आडवा मार बसला, का टण्‌दिशी तुटते. पोलादी सळी बारीक असते, पण वाकते. वाकते म्हणून तुटत नाही. तुमचा तराजू जाडी पाहते का वाकणं पाहते?"

देवयानीने हातातले फडके खाली ठेवले. "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी काहून सांगावं? मांडी पाहिली मी त्याची."

"बसा," ती म्हणाली, आणि स्वतःच गाडीच्या पायरीवर बसली. मग हळू आवाजात बोलली. "तराजू फक्त मीठ मोजतो. तुमच्या लाल हापशीच्या पाण्यात फ्लोराइड आहे. ते हाडातल्या स्फटिकात शिरतं. त्या स्फटिकात एक कण असतो, त्याला बाहेर काढतं आणि त्याच्या जागेवर आपण बसतं. जागा त्याला अशी फिट्ट बसते की पुन्हा उठत नाही. स्फटिक मोठा होतो, घट्ट होतो. तराजूला हाड दाट दिसतं, आणि ते असतंही दाट. पण हाड म्हणजे नुसतं मीठ नाही. आत धागा असतो, चामड्यासारखा चिवट. वाकणं, पिळणं सोसतो तो धागा. मीठ असं माजलं की धाग्याचं काही चालत नाही."

"कंपनीले माहीत हाय?"

"सांगाड्यात पिळा पडतच नाही, काका. तो माणसाला कमरेत वळू देत नाही. वजन सरळ खाली जातं. तशा वजनाला ही हाडं आपल्या हाडांपेक्षा चांगली आहेत, खोटं नाही सांगत. भिंतीवर आजपर्यंत एकसुद्धा हाड मोडलेलं नाही. तसा अहवाल आहे आमचा."

"अन् सांगाडा उतरवल्यावर?"

"उतरवल्यावर ते आमचे कामगार नसतात."

हे ती शांतपणे म्हणाली. पाठ केलेले उत्तर होते ते; तिलाही कोणीतरी असेच सांगितले असणार. दौलत उठला. त्याच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती धरून तो थोडा सावरला.

"बरं झालं बाप्पा, माही पोरगी नाही पेत ते पाणी. दात पांढरे हायेत तिचे."

देवयानीने मान वर केली. "नाव काय तिचं?"

"प्रांजली. निखाडे."

काचेकडे बघायला ती वळली, मग थांबली. बघायची गरज नव्हती, हे दौलतला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

"गेल्या बुधवारी त्र्याहत्तर," ती म्हणाली. "उद्याच्या गाडीत नाव आहे. काका, दातांवर डाग पडतात ते लहानपणी दात बनत असताना. मोठेपणी कितीही प्यालं तरी दात पांढरेच राहतात."

बाजारात कोणीतरी कोंबडीच्या पायांना दोरी बांधत होते आणि ती ओरडत होती.

"निंघते का ते मीठ?" दौलतने विचारले. "चांगलं पाणी पाजलं तर?"

"निघतं. हाड जसं झिजून नवं होतं तसं. थोडं थोडं."

"किती दिवसांत?"

"वर्षं लागतात. किती, ते कोणी सांगू शकणार नाही."

दौलत घरी गेला नाही. तो हापशीवर गेला. संध्याकाळची रांग नुकती लागत होती. त्याने पिशवीतून पाना काढला आणि दांड्याचा बोल्ट सैल करायला बसला.

"काय झालं गा दौलतभाऊ, बिघडली का?"

बोल्ट निघाला. मग दांड्याचा आस निघाला. साखळी सुटली आणि आत सळी खाली सरकल्याचा आवाज झाला. त्याने दांडा खांद्यावर घेतला आणि उभा राहिला, तेव्हा लोकांच्या ध्यानात आले.

"ओ, चालले कुठं दांडा घेऊन?"

"ही हापशी आजपासून बंद," तो म्हणाला. "जंगूची मांडी पाहिली का? तुमच्या पोरांचं तेच होईल. आकडा म्हणजे ताकद नाही. बिडाचा आकडा हाय तो."

"तुही पोरगी त्र्याहत्तरवर गेली, आता बंद का?" मागून एक बाई ओरडली. "आमचा अडुसष्टवर हाय! दोन महिने राहिले त्याचे!"

"माह्या घरची कढई तिनं खरवडून खाल्ली," दुसरी म्हणाली. "तुह्या पोरीनं. इच्यार जा तिले. आमी कधी नाही म्हटलं का?"

कोणीतरी दांड्याला हात घातला. दौलतने सोडला नाही. एक कानाखाली बसली, मग पाठीत एक लाथ. तो गुडघ्यावर आला तरी दांडा छातीशी धरून होता. तेवढ्यात माणसे बाजूला सरली, कारण पोचूबाई आली होती.

ती ओढ्यातून चढून आली होती. डोक्यावर पाण्याची रिकामी गुंडी, पाठ फळीसारखी ताठ. एरवी गावाने तिच्यासाठी रस्ता सोडला नसता. पण जंगूचे झाल्यापासून लोक तिच्या अंगाला अंग लागू देत नव्हते. तिने दौलतकडे पाहायला सगळे अंग वळवले.

"हे काय करून राहिला, दौलत?"

"पोचूबाई, तुम्ही तरी सांगा यांले. जंगूचं काय झालं ते सांगा. हे पाणी इख हाय."

"इख हाय," ती म्हणाली. "माह्या सासऱ्याले नेलं, नवऱ्याले नेलं. माही मान गेली त्याले पंधरा वर्षं झाले. तुले आज समजलं?"

"मी लाल रंग मारला होता, माय. तव्हाच मारला होता."

"हाव, मारला. आमाले वाटलं, लाल रंग चांगला दिसते म्हणून मारला. आमच्यातलं कोण वाचे? अन् वाचून तरी कुठं जाणार होतो?" ती जरा थांबली. "तुह्या कागदावर दोन कामं होते म्हणे, दौलत. लाल रंग मारा अन् दांडा काढून ठेवा. ग्रामसेवकानं सांगितलं मले, मराच्या आधी. मग दांडा काहून नाही काढला?"

दौलतने दांडा धरला होता आणि जमिनीकडे बघत होता.

कागदावर दोन कामे होती, हे खरे होते. रंग सुकत असताना तेव्हाचे सरपंच मोटारसायकलवरून आले होते. त्यांनी हापशीकडे बघितले, ओढ्यापलीकडे बघितले. दांडा राहू दे, म्हणाले. आज दांडा काढला तर उद्या सगळे पोड भांडी घेऊन आपल्या निळ्या हापशीवर उभे राहील. दौलतने दांडा राहू दिला. पोडावर दुसरे पाणी नाही, आपण दया केली, असे तो नंतर स्वतःला सांगत आला. इतकी वर्षे सांगितल्यावर त्याला ते खरेही वाटू लागले होते. दर सहा महिन्यांनी तो येऊन वंगण लावून जाई, पोडावरच्या बायांना दांडा जड जाऊ नये म्हणून.

"आमी पेत होतो तव्हा चालू ठेवला," पोचूबाई म्हणाली. "आता तुही पोरगी पेली, तर बंद. असंच ना?"



पोचूबाईने गुंडी हापशीच्या तोंडाखाली ठेवली.

"लाव," ती म्हणाली. "पोट्टा घरी पडून हाय. त्याले पेज कराची हाय मले. निळ्या हापशीवर नेतं का कोणी मले? हाय का कोणी?" तिने रांगेला विचारले. ताठ मानेने, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, सगळे अंग फिरवत. रांग आपापल्या कॅनांकडे बघत होती. "मग लाव."

दौलतने पाना उचलला. सळी वर ओढून धरायला दोन माणसे लागतात. दोघे लगेच पुढे आले, त्यात लाथ मारणाराही होता. साखळी अडकवली. आस बसवला. बोल्ट घट्ट केला. हात सवयीने काम करत होते, आणि शेवटी त्याच सवयीने त्याने वंगणाचे बोटसुद्धा फिरवले.

पोचूबाईने गुंडी भरली आणि निघून गेली. मागचा कॅन पुढे सरकला.

घरी प्रांजली खाटेवर बसून बॅग भरत होती. दौलतचा फुटलेला ओठ पाहून ती उठली नाही. तिला कोणीतरी आधीच फोन करून सांगितले असावे. तो तांब्याभर पाणी प्यायला, तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळे सांगितले. बीड, सळी, मीठ, धागा, मागे वळलेला जंगू. सरपंचांचेही सांगितले, कारण आता ते लपवून काही उपयोग नव्हता.

"मी विचारलं होतं तुम्हाले," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही फक्त नाही म्हणाले. काहून नाही, ते सांगितलं असतं तर कदाचित…"

"मले तरी कुठं माहीत होतं, प्रांजू? मले फक्त रंग माहीत होता."

ती एका साडीच्या घड्या घालत होती. आईची साडी होती. घड्या तिने फार जपून घातल्या, हात न पिळता. हे तिने आताच शिकून घेतले, हे दौलतला दिसले आणि त्याने डोळे फिरवले.

"नको जाऊ," तो म्हणाला. "मी रोज निळ्या हापशीचं पाणी आणीन. जन्मभर आणीन."

"अन् तोवर मी काय करू? कपडे पिळायचे नाहीत. शिंकायचं नाही. कोणी हाक मारली तर पलटायचं नाही." तिचा आवाज वर गेला नाही. त्रैराशिक मांडावे तसे ती बोलत होती. "जंगू इथं येऊन मोडला, बाबा. तिथं नाही मोडला. सगळे इथंच मोडले. तिथं एकही नाही."

"सांगाडा हाय म्हणून."

"तेच म्हणते मी."

तिने बॅगेची चेन लावली. दारात ऊन तिरपे आले होते, आणि दूर हापशीचा दांडा वर-खाली होत असल्याचा आवाज येत होता, गुळगुळीत, वंगण लावलेला. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि काहीतरी आठवल्यासारखी एकाएकी थांबली. बापाकडे बघायला तिने पाय न उचलता कमरेतून, मानेतून वळण घेतले. दौलतचा हात आपोआप पुढे झाला, पडणारी वस्तू झेलायला होतो तसा. काही मोडले नाही. ती उभी होती.

"बाबा," तिने विचारले, "अठरा महिन्यांनी मी तो सांगाडा काढलाच नाही, तर?"